राबाचा धूर आणि बाबांची छाती

आमच्या पोशीरला भाताची रोपं टाकायच्या जागेवर आधी शेण, पाला आणि गवत पसरून जाळतात, म्हणजे रोपं हिरवीगार येतात. त्याला राब भाजणं म्हणतात. बाबा जन्मभर त्या धुरात उभे राहून राब भाजत आले. तरुणपणी चार दिवस खोकायचे आणि विसरून जायचे. साठी ओलांडल्यावर तो खोकला गणपतीपर्यंत घरात मुक्कामाला राहायला लागला.

एका वैशाखात माझ्या भावाने डोकं चालवलं. राब होईपर्यंत बाबांना धुरापासून लांब ठेवायचं म्हणून त्याने त्यांना माझ्या सासरी, पळसदरीला आणून सोडलं. भाऊ शिकलेला. पळसदरीतही भातच पिकतं आणि राबही त्याच दिवसांत भाजतात, एवढं मात्र त्याला सुचलं नाही. मी दारातच विचारलं, "अरे, इथे काय आम्ही दगड पेरतो का?" तोवर तो गाडी पकडायला निघालाही होता.

पुढचं माझ्या सासऱ्यांनी केलं. घरी वडीलधारा पाहुणा असला तर राब त्याच्या हातून पेटवायचा, ही त्यांची पद्धत. "चला व्याही, तुमच्या हाताला यश हाय," म्हणाले. व्याह्यांना नाही कोण म्हणणार? मी पडवीतून डोळे वटारले. बाबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. बरं, पेटवून परत येतील तर शपथ! सगळा राब भाजून होईपर्यंत धुरात उभे, वर सूचना देत. दोन दिवसांत ताप आणि धाप.

कर्जतच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि समजावून सांगितलं, "आजोबा, फुप्फुसात धूळ-धूर खाऊन टाकणाऱ्या पेशी असतात. तरुणपणी त्या घाण खातात आणि गप्प बसतात. वय झालं की त्यांचं खाणं कमी होतं, घाण पडून राहते. मग त्या सारख्या हाका मारून आणखी पेशी गोळा करतात. त्या गर्दीने आतून सूज येते, ती लवकर उतरत नाही. त्यात जंतू शिरले की ताप."

बाबांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे काम कमी आन् आरडाओरडा जास्त."

"तसंच."

"त्यांना गप करायचं औषध?"

"धुरात जाऊ नका."

यात बाटली नाही, गोळी नाही. बाबांचा डॉक्टरवरचा विश्वासच उडाला.

ताप गेला, धाप राहिली. खाटेवरून न्हाणीपर्यंत जाताना त्यांना मध्ये बसायला लागायचं. मला फार राग यायचा. सासऱ्यांचा, भावाचा, आणि सगळ्यात जास्त बाबांचा, कारण ते कुणालाच दोष देत नव्हते.

पुढच्या वैशाखात बाबा पोशीरला घरीच होते आणि भावाने राब भाजलाच नाही. नुसतं खत टाकून मोकळा झाला. गाव हसलं, आणि चारी बाजूंचा धूर आमच्या घरात यायचा तो आलाच. मी तेव्हा माहेरीच होते. बाबांनी खिडकीतून आपली न भाजलेली जमीन पाहिली आणि धापा टाकत भावावर ओरडले, "माझ्यापायी रोपं पिवळी काढतोस रं?"

भाऊ त्यांना कधी उलट बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला.

"रोपं पुढल्या साली परत येतील. तुमी येनार का?"

बाबा खिडकीपासून मागे सरले. मग मला म्हणाले, "खिडकी लावून घे गं."

राबाच्या दिवसांत असं ते जन्मात पहिल्यांदा म्हणाले. मी खिडकी लावली आणि तिकडेच तोंड करून रडले.