मामाच्या भिंतीखालची माती

रोहणा गावी मामाच्या घराची मागची खोली दर उन्हाळ्यात भेगाळायची. पावसाळ्यात काळी माती फुगली की फरशी वर यायची आणि दार अडकायचं. मग मामा दाराच्या खालच्या कडेला रंधा मारायचा. दार दरवर्षी थोडं बुटकं होत होतं.

मी तेव्हा एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होते. चिकण मातीत वीज आणि रसायन सोडून तिला घट्ट करायचं, हा माझा विषय. प्रयोगशाळेतल्या पेटीत ते जमलं होतं. सर म्हणाले, तेवढ्यावर प्रबंध लिहून मोकळी हो. मला मात्र मामाची भिंत दिसत होती.

मामा लगेच तयार झाला. मामीने विचारलं, "जमिनीले करंट देशील, अन् आमाले लागला तं?" यंत्र विजेचा दाब अगदी कमी करून देतं, तरी ते चालू असताना दोरीच्या आत कोणी यायचं नाही, असं मी तिला सांगितलं. दोरी तिनेच बांधली, कोंबड्यांसाठी खालून जाळीही लावली.

भिंतीलगत लोखंडी सळया ठोकल्या, चार हातांवर भोकं पाडलेले लोखंडी पाईप पुरले. यंत्राच्या वायरी दोन्हींना चिमट्यांनी जोडल्या. सळयांपाशी कॅल्शियम क्लोराईडचं पाणी ओतायचं. वीज मातीतलं पाणी पाईपांकडे ढकलते, जाता जाता कॅल्शियम मातीत मुरतं आणि मग ती पूर्वीसारखी फुगत नाही.

दोन दिवस पाईप कोरडेच राहिले. माझा धीर सुटत चालला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी एकेक चिमटा तपासला, तर सळयांवरचे चिमटे गंजून सुटले होते. ते घासून पुसून उंचावर, कोरड्या जागी लावले. दुपारी मामाने पाईपात सुतळीने पेला सोडला. तो भरून वर आला.

"मोटर नाई, काही नाई," मामा म्हणाला, "अन् पाणी आपल्या पायानं चालत आलं."

तीन आठवडे आम्ही पाणी उपसत होतो. सळया काढल्या तेव्हा त्या झिजून बोटाएवढ्या राहिल्या होत्या. जिथे आधी अंगठा रुतायचा, तिथे लोखंडी सब्बल मारली तर ठणकन वाजली. मी तिथेच मातीत बसले आणि मनसोक्त हसले.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. पोळ्याला गेले तेव्हा फरशी सपाट होती, दार दोन बोटांनी उघडलं. पुढच्या उन्हाळ्यातही भिंत फाटली नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पेटीबद्दल एक प्रश्न विचारला आणि उरलेला सगळा वेळ मामाच्या भिंतीबद्दलच विचारत राहिले. सर शेजारी बसून गालात हसत होते.

नंतर तळेगावहून दोन शिक्षक त्यांच्या शाळेच्या भिंतीसाठी हे काम बघायला आले. मी वर्ध्याला होते. मामीने त्यांना सळया कुठे ठोकायच्या, पाणी कुठून कुठे जातं, चिमटे का गंजतात, हे सगळं उभ्या उभ्या समजावलं. त्यांनी विचारलं, बाई, तुम्ही इंजिनिअर का?

"भाची हाये," मामी म्हणाली, "पण मले सारं येते."