मामाच्या जागी मावशी

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. त्यामुळं बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा नवरीच्या मागं मामा म्हणून कोण उभं राहणार, हा प्रश्न आला. चुलतमामा होते, तयारही होते. पण पोरीनं मला फोन केला. "मावशी, माझ्या मागं तूच उभी राहायचंस. मला दुसरं कुणी नको."

मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर आठवलं, मला उभंच राहता येत नाही.

म्हणजे येतं, पण थोडा वेळ. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला आणि आठवड्यात उतरला. घरच्यांनी देवापुढं नारळ फोडला. गेला तो फक्त ताप; आजार मुक्कामाला राहिला. उभी राहिले की छाती धडधडते, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. जोर करून जास्त काम केलं, तर पुढचे दोन-तीन दिवस खोलीत अंधार करून पडून राहावं लागतं. सांगलीत आमचं हळद-मसाला कांडून द्यायचं दुकान आहे. पूर्वी मी दिवसभर मशीनपुढं उभी असायचे. आता उंच स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना दम देते. मसाला तसाच निघतो. नळाला एक दिवसाआड पाणी येत असलं, की बाई जशी हंडा पुरवून वापरते, तशी मी स्वतःला वापरते. सवय झाली.

लग्नासाठीही तसंच ठरवलं. हळदीला जायचं नाही, पंगतीत मिरवायचं नाही. सकाळपासून कार्यालयाच्या खोलीत आडवं राहायचं आणि साठवलेलं सगळं मंगलाष्टकांना वापरायचं. माझे यजमान निवृत्त फौजी. असल्या मोहिमा त्यांच्या आवडीच्या. घडीची कॉट, पाण्याच्या बाटल्या, मीठ-साखर, माझा काळा चष्मा, सगळं त्यांनी गाडीत भरलं. दुकानातलं स्टूलही उचललं.

"ते खाली ठेवा," मी म्हणाले. "मामा बसून लग्न लावतो का कुठं?"

"बरं."

फौजी माणसाचं 'बरं' म्हणजे ऐकू आलं, एवढंच.

लोणंदचं कार्यालय कांद्याच्या बाजाराजवळ होतं. स्टेजमागच्या खोलीत कॉट लागली. मी काठपदराची साडी नेसून, काळा चष्मा लावून, भिंतीकडं तोंड करून पडले. उजेड आणि गप्पा, दोन्हींनी मी दमते. दारावर फौजी उभे. मुलाकडची एक बाई डोकावली आणि म्हणाली, "मावशींना काय झालं?"

"त्या कुणाशी बोलणार नाहीत," फौजी म्हणाले.

झालं! लग्नघरात भिंतीकडं तोंड करून पडलेल्या आणि कुणाशी न बोलणाऱ्या बाईचा आमच्याकडं एकच अर्थ होतो. त्यात ही मामाच्या जागी उभी राहणारी, आणि मामाचा मानाचा फेटा तिला अजून कुणी बांधलेला नाही. रुसणारच की.

थोड्या वेळानं दार उघडलं. पुढं विहीणबाई, मागं चार बायका, ताटात नारळ, साडी आणि गुलाबी फेटा. मुलाकडची मंडळी माण भागातली. आजोबांपर्यंत मेंढरं राखलेली, आता डाळिंबाच्या बागा असलेली.

"आवं ताई, चुकलं आमचं," विहीणबाई म्हणाल्या. "उठा आता. राग आमच्यावर काढा, अक्षतांवर नगं."

"मी रुसलेली नाही."

"रुसलेलं मानूस असंच म्हंतंय," मागून एक म्हणाली.

"अहो, मला आजार आहे. पडून राहावं लागतं."

"व्हय, व्हय. माझ्या नणंदंला बी असाच आजार झाला व्हता, माझ्या लग्नात. पैठणी दिल्यावर उतरला."

मला इतकं हसू आलं, की उठून बसावंच लागलं. चष्मा काढला आणि सगळं नीट सांगितलं. विहीणबाई कॉटच्या कडेला टेकून ऐकत होत्या.

"म्हंजी रुसवा न्हाई?"

"नाही."

"आन् मंगलाष्टका संपस्तवर हुबं ऱ्हायाचं म्हंता?"

"चार-पाचच असतील ना?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. "आमच्या दिरानं तीन नव्या लिवून आणल्यात," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "आन् त्याच्या मेव्हण्यानं दोन. चाल बी लांब हाय."

एवढं माझ्याकडं साठलेलंच नव्हतं. मध्येच कोसळले, तर पोरीचं लग्न सोडून सगळा मांडव माझ्या तोंडावर पाणी मारणार. चुलतमामांपैकी कुणाला तरी बोलवा, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"मग बसा की," विहीणबाई म्हणाल्या.

"मामा बसतो होय?"

"ताई, मी घरात चार लग्नं लावली. मामाचा निस्ता फेटा दिसतोय. पाय कुणाला दिसत्यात? म्होरं नवरी, तिचा शालू, तिच्या म्होरं फोटोवाला. तुमी हुबं हाय का बसलाय, कोण बघतंय?"

दारातून खाकरल्याचा आवाज आला.

"स्टूल गाडीत आहे," फौजी म्हणाले.

फेटा विहीणबाईंच्या भावानं बांधला. बांधताना मला दोनदा दटावलं, "मान हलवू नका." पोरीला स्टेजवर मी घेऊन गेले असं म्हणायचं, खरं तर माझा दंड तिनं धरला होता. दुकानातल्या हळदीनं पिवळंधमक झालेलं ते स्टूल तिच्या शालूमागं लागलं आणि मी बसले. नंतर साडीला मागं पिवळा डाग निघाला, तो अजून आहे. बहिणीच्या घरी दोन दिवस आडवी होते तेही खरं, पण ते धरूनच चालले होते.

गुरुजींच्या मंगलाष्टका झाल्या. मग विहीणबाईंच्या दिरांनी माईक घेतला. पहिली झाली, दुसरी झाली, अक्षता उडत राहिल्या. गर्दीतले धडधाकट लोक एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर द्यायला लागले. खालून फौजी माझ्याकडं काळजीनं बघत होते. मी त्यांना हातानंच खूण केली, होऊ द्या. दिरांचे मेव्हणे खिशातून कागद काढत पुढं आले, तेव्हा मी पायावर पाय टाकला.

अंतरपाटाआडून मान न वळवता नवरी कुजबुजली, "मावशी, पाय लय दुखायलेत गं. मलाबी एक स्टूल आणायचं की."

"गप उभी राहा," मी म्हणाले. "मामाचं ऐकावं."