उसाकडची पात

फाट्यावर आमच्या मुकादमीणबाईचा नवा फ्लेक्स लागला आहे. हात जोडलेले, गळ्यात बिबट्यापासून वाचायचा खिळ्यांचा पट्टा, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'लेकी-सुनांच्या रक्षणासाठी सदैव पुढे'. पंचायतीला उभी राहतेय ती. सकाळी भाजीला गेले तेव्हा ते वाचलं आणि हातातली कोथिंबिरीची जुडी कधी चुरगळली ते कळलंच नाही. भाजीवाला म्हणाला, "ओ वयनी, घ्यायची नसली तर ठेवा, पर जीव नका घेऊ तिचा." पैसे दिले आणि मान खाली घालून घरी आले. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा आवाजच निघत नाही. पण डोकं तापलंय ते सकाळपासून उतरेना, म्हणून लिहायला बसले.

आमची टोळी बायकांची. कांदा लागवड, खुरपणी, काढणी, जे निघेल ते. मुकादमीण काम धरते, पिकअप ठरवते, आणि आम्ही मागं उभ्या राहून पिंपरी पेंढारच्या बाजूला नाहीतर ओतूरकडे जातो. खोटं कशाला लिहू, ती बोलायला फार हुशार. मळेवाल्याशी भांडून तिनं आमचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, वाढवून घेतला. ती बोलायला लागली की वाटायचं, हिच्या मागं जायला हरकत नाही.

पण बाई कळायची असेल तर खुरपणीत कळते. खुरपायला बसलो की प्रत्येकीच्या वाट्याला एक पात येते, म्हणजे या बांधापासून त्या बांधापर्यंतची पट्टी. मुकादमीण रस्त्याकडची पहिली पात धरते आणि तिच्या हाताच्या वेगानं सगळ्यांनी जायचं. एखादी मागं राहिली तर जिची पात आधी संपली तिनं उठून, पलीकडच्या बांधापासून तिच्या पातीत समोरून खुरपत यायचं. दोघी मध्ये भेटल्या की पात संपली. माझ्या आईच्या टोळीतही हेच होतं. आमच्या मुकादमीणबाईनं ते बंद केलं. "ज्येची त्येनं उरकायची. मी काय सगळ्यांची आई हाय का?" असं म्हणायची, आणि बायका हसायच्या.

ज्यासाठी लिहायला बसले, त्या दिवशी शेताच्या एका अंगाला ऊस होता, उभा, दाट. त्या उसात बिबट्या आहे हे मळेवाल्यालाही माहीत होतं, मुकादमीणबाईलाही. आठवड्याभरापूर्वी शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं होतं. वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं आणि तो मानच धरतो म्हणतात, म्हणून खुरपणाऱ्या बायांसाठी वनखात्याकडून गळ्यात घालायचे खिळ्यांचे पट्टे आले होते. मुकादमीणबाईनं ते आम्हाला घालायला लावले, मोबाईलवर फोटो काढले आणि परत गोणीत भरून घरी नेले. "हरवाल," म्हणाली.

गाडीतून शेवटी उतरेल तिला उरलेली पात. शेवटी उतरली माझी धाकटी जाऊ. तिला सहावा महिना, ती धावत कशी उतरणार? तिच्या वाट्याला उसाकडची पात आली. मी म्हणाले, "तिला मधली द्या ना." माझा आवाज मलाच ऐकू आला नसेल.

"काय पुटपुटतीस? मोठ्यानं बोल की!" मुकादमीण म्हणाली.

"हिला बोलायला लावायचं म्हंजी मुहूर्त काढावा लागंल," दुसरी कोणी म्हणाली, आणि सगळा बांध हसला.

मी जावेच्या शेजारची पात धरली. दुपार कलली तरी आम्ही दोघी अर्ध्यावरच होतो, कारण मी एक हात तिच्या पातीत मारत होते. बाकीच्यांच्या पाती संपल्या. त्या पलीकडच्या बांधावर बसून चहा पीत होत्या. मुकादमीण ओरडली, "आवरा गं लौकर! गाडीवाला खोळंबलाय."

तेव्हा मावशी उठली. ही मावशी घाटघरकडची, लग्न होऊन इकडे आली. टोळीत सगळ्या तिला डोंगरातली म्हणतात. दिवसभरात दहा शब्द बोलली तर खूप. चहा अर्धा टाकून ती जावेच्या पातीच्या त्या टोकाला बसली आणि आमच्याकडे तोंड करून खुरपत येऊ लागली.

"अगं बस की तू! लई पुळका आलाय," मुकादमीण म्हणाली. मावशीनं मान वर केली नाही.

आमची पाठ उसाच्या कोपऱ्याकडे होती. मावशीचं तोंड तिकडे होतं. ती थोडी जवळ आली आणि तिचं खुरपं थांबलं. ती उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात, पाणी मागावं तशी म्हणाली, "पोरींनो, उठून उभ्या ऱ्हावा. पळू नका. माझ्याकडं बघत या."

मी जावेचा दंड धरून तिला उभं केलं. मागं पाहायचं नाही असं ठरवूनही पाहिलं. उसाच्या कडेला तो बसला होता. अगदी मांजरासारखा, निवांत.

बांधावर कोणीतरी किंचाळलं आणि कप फेकून सगळ्या पळाल्या. मी मुकादमीणबाईला पाहिलं. ती सगळ्यांच्या आधी गाडीत शिरली, मागं नाही, ड्रायव्हरच्या शेजारी. काच वर केली. "घे रे पुढं, गाडी पुढं घे!" हे तिचं ओरडणं मी स्वतः ऐकलं. गाडी वळणापर्यंत गेलीसुद्धा.

आणि मावशी आमच्याकडे चालत येत होती. कमरेच्या पिशवीतून तिनं जेवणाचा डबा काढला आणि खुरप्यानं बडवायला लागली. आमच्या बाजूनं पुढं जाऊन ती आमच्या आणि उसाच्या मध्ये उभी राहिली. तो उठला, आळस दिल्यासारखं केलं आणि आत शिरला. मग ती उलट्या पावलांनी आमच्या मागं मागं बांधापर्यंत आली. डबा बडवायचं तिनं तिथं पोचेपर्यंत थांबवलं नाही. भीती तिलाही होती.

गाडीपाशी पोचलो तर मुकादमीण काच खाली करून म्हणते, "मागं कशाला ऱ्हायलात गं? तुमच्यापायी सगळ्यांचा जीव गेला असता!"

संध्याकाळी वनखात्याची माणसं आली, मोबाईलवाली पोरं आली. मुकादमीणबाई पदर सारखा करून सांगत होती, "मी बायांना येका जागी केलं. डबं वाजवलं. गरवार बाई व्हती, तिला सोडून मी जाईन व्हय?" ज्या बायका तिच्याबरोबर पळाल्या त्याच मागं उभ्या राहून मान हलवत होत्या. मावशी ओट्याच्या कडेला बसून डब्याचा पोचा अंगठ्यानं दाबून काढत होती. तो निघाला नाही.

तेव्हापासून मुकादमीणबाईचं नाव पंचायतीसाठी निघालं. त्याच गोष्टीवर! माझ्या जावेच्या पोटातल्या लेकरावर ती मतं मागतेय, आणि तो पट्टा, जो माझ्या जावेच्या गळ्यात त्या दिवशी पाहिजे होता, तो फ्लेक्सवर तिच्या गळ्यात आहे.

आज दिवेलागणीला ती घरी आली. हातात पट्ट्यांची गोणी. म्हणाली, "उद्या कामाला सुट्टी. अर्ज भरायला जायचंय. हिरव्या साड्या नेसा, ह्ये पट्टं घाला. रोज मिळंल. जाऊबाईला तर न्यायचंच, तिला गाडीत पुढं बसवीन."

 या वेळी मी मोठ्यानं बोलले.

"ती न्हाई येणार. मीबी न्हाई."

"का गं?"

"डबा कोणी वाजवला?"

"काय?"

"त्या दिशी डबा कोणी वाजवला, ते सांगा."

ती हसली. "आता त्येचं काय लोणचं घालायचंय? गावाला माणूस पायजे बोलणारं. ती डोंगरातली काय बोलणार पंचायतीत?"

"तुमी गाडीत पुढं व्हता. काच वर व्हती. म्या बघितलंय."

गोणी उचलून ती निघाली. दारातून म्हणाली, "उद्यापास्नं गाडीत जागा न्हाई तुला." जावेनं आतून येऊन दार लावून घेतलं, जोरात.

मग मी मावशीकडे गेले. तू टोळी धर म्हणाले. ती म्हणाली, "मला मळेवाल्याशी रोज ठरवाया जमत न्हाई गं. शब्द सुचत न्हाईत." मी म्हणाले, रोजाचं मी बोलेन. आज इतकं बोलले आहे की आणखी थोडं होईल. आणखी दोघी तयार झाल्या. बाकीच्या हिरव्या साड्या शोधतायत. त्यांच्यावरही माझा राग आहे, आणि तो इतक्यात जाणार नाही.

उद्या चौघी चालत जाणार, जवळच्याच मळ्यात. तिथंही एका अंगाला ऊस आहे. निघताना मावशी म्हणाली, "उसाकडची पात माझी." मी म्हणाले, रोज तुझी नाही, आळीपाळीनं. ती ऐकेना. आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. शेवटी उद्या तिची आणि परवा माझी, असं ठरलं.