मास्तरांची फुंकर

दवाखान्याच्या औषधखिडकीवरच्या बाईंना लोक पाठीमागे ‘दाखवाबाई’ म्हणत. दम्याचा पंप हातात दिला, की त्या म्हणायच्या, “घेऊन दाखवा.” मागची रांग कुरकुरायची, पण बाई ढिम्म हलायच्या नाहीत.

दाबायचा जुना पंप जाऊन कॅप्सूलचा नवा आला, नेमक्या त्या आठवड्यात बाई रजेवर होत्या. शिंपीमास्तरांना तो कुणीतरी नुसताच हातात ठेवला. महिन्याभरात त्यांना जिना चढवेना, मशीनचं पायडल मारवेना. शेवटी सुनेला घेऊन ते खिडकीशी आले.

“हा घ्या तुमचा. जुना द्या, नाहीतर काहीच नको.”

“रोज घेतात का?” बाईंनी सुनेला विचारलं.

“घड्याळ लावून! पण डॉक्टरांना पटत नाही. आता गोळ्या वाढवतो म्हणाले.”

“खोटं बोलायला तरी दम कुठाय?” मास्तर धापा टाकत म्हणाले.

“घेऊन दाखवा.”

मास्तरांनी कॅप्सूल घातली, कळ दाबली, पंप तोंडाला लावला आणि आधी त्यात जोरदार फुंकर मारली. मग श्वास ओढला.

त्यांच्या काळ्या सदऱ्यावर पांढरी भुकटी दिसली.

“खडू असेल,” सून म्हणाली. “कापड आखतात ना. रोज झटकते मी.”

“आज दुकान उघडलं होतं?”

“छे! पंधरा दिवस कुलूप आहे.”

“मग हे औषध आहे. मास्तर, आधी का फुंकलंत?”

मास्तर ओशाळले. “चाळीस वर्षं मशीनमध्ये बॉबिन बसवण्याआधी फुंकतोय. कचरा राहू नये म्हणून.”

बाई रागावल्या नाहीत. दुसरी कॅप्सूल दिली. “श्वास बाहेर सोडायचा तो तोंड बाजूला वळवून. मग पंप लावा आणि जोरात ओढा.”

मास्तरांनी ओढलं. “अरे, गोड लागतंय की!”

दुसऱ्या कुणी एवढ्यावर पुढचा नंबर पुकारला असता. बाईंनी विचारलं, “आता सांगा, रोज कुठला घ्याल? जुना हवा असेल तर मी वर लिहून मागवते.”

हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मास्तरांनी कॅप्सूल काढून उजेडात धरली. “जुना घशाला लागायचा, बरं वाटायचं. पण यात रिकामी झालेली डोळ्यांना दिसते. हाच असू दे.”

बाईंनी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: ‘मास्तर औषध रोज घेत होते. दाखवायचं आमच्याकडून राहिलं. गोळ्यांचा फेरविचार व्हावा.’

पुढच्या महिन्यात मास्तर एकटेच आले. सदऱ्यावर पांढरं होतं. बाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या.

“खडू, बाई,” मास्तर म्हणाले. “सकाळपासून तीन सदरे आखलेत.”