मिनिट्समध्ये न आलेलं मंडळ

आमच्या मंडळाच्या मीटिंगचे मिनिट्स बोंद्रे मॅडम लिहितात. फार सुंदर लिहितात. 'सदस्यांनी सविस्तर चर्चा केली', 'सूचनांचे स्वागत करण्यात आले' वगैरे. वाचून वाटतं, आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून, हाताची घडी घालून बसलो होतो! खरं जे झालं ते त्यात कधीच नसतं. ते आमच्याजवळ साठत जातं, आणि आम्ही कँटीनमध्ये तर्री-पोहे घेऊन बसलो की बाहेर पडतं. आता एवढं साठलंय की कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझं पोट काही हलकं होणार नाही.

आधी मंडळ म्हणजे काय ते सांगते. नागपुरातल्या आमच्या कॅन्सर हॉस्पिटलला एकदा वाटलं, की पंधरा ते पंचवीस वयाच्या पेशंटना काय पाहिजे हे त्यांनाच विचारून पाहावं. म्हणून 'युवा सल्लागार मंडळ' निघालं. बोंद्रे मॅडम तिथल्या समाजसेविका, त्याच सगळं बघतात. मी पल्लवी, हुडकेश्वरची. ब्लड कॅन्सरमधून बाहेर पडून आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तुषार बुटीबोरीचा, गुडघ्याजवळ हाडाचा कॅन्सर झालेला. पायात रॉड, काखेत कुबडी आणि जीभ कायम मोकाट. आणि मनीषा खाप्याची, अठरा वर्षांची, मानेत गाठी आलेल्या, किमो चालू. बाकीची पोरं येतात-जातात, पण गोंधळ घालायला आम्ही तिघं पुरतो.

मनीषा मंडळात आली ती एकाच कामासाठी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "माह्या तब्येतीचं साऱ्या खाप्याले मालूम आहे, मलेच कोणी सांगत नाही. डॉक्टर बाबाले बाहेर नेतात अन् दरवाजा लावून घेतात. मले माहा रिपोर्ट माह्या समोर पाहिजे."

मॅडमनी लिहिलं, 'संवादाबाबत एक सूचना आली.'

*

पहिली मीटिंग ठेवली कुठे, तर लहान मुलांच्या वॉर्डातल्या खेळघरात! भिंतीवर हत्ती, ससे, फुगे. बसायला बालवाडीच्या लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मोठे डॉक्टर ढोबळे सर आणि मॅडम मोठ्या खुर्च्यांवर, आणि सल्लागार मंडळ जमिनीपासून वीतभर वर. तुषार सहा फूट उंच. रॉडचा पाय समोर लांब करून कसाबसा त्या खुर्चीत शिरला.

ढोबळे सर बराच वेळ बोलले. शेवटी म्हणाले, "आता तुमच्यापैकी कोणीतरी उभं राहून मोकळेपणानं सांगा, हॉस्पिटलमध्ये काय काय बदलायला पाहिजे?"

तुषार उभा राहिला. खुर्चीही त्याच्यासोबत उभी राहिली!

काखेत कुबडी, मागे लाल खुर्ची अडकलेली, चेहरा मात्र एकदम गंभीर. म्हणाला, "सर, इथूनच सुरू करू."

*

मनीषाच्या बाबांचं खाप्याला मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस लाखाचा. पण पोरीच्या आजारात असे शिरले की दोघांमध्ये फरकच उरला नाही. राउंडला डॉक्टर पोरीला विचारणार, आणि उत्तर बाबा देणार.

"मनीषा, झोप येते का नीट?"

"येते न जी. दुपारीबी झोपलो आम्ही."

"तोंड आलंय का?"

"मागच्या हप्त्यात आलं होतं आमचं. आता बरं हाये."

"उलट्या?"

"काल दोन झाल्या आम्हाले."

मनीषा आपली छताकडे बघत पडलेली. ढोबळे सरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला आणि सरळ बाबांना म्हणाले, "मग झोपा तुम्हीच पलंगावर. तपासतो."

आणि बाप्पा, त्यांनी चपला काढल्या हो!

*

म्हणून मंडळानं पहिला ठराव केला : मीटिंगला आई-वडील बाहेर. एकमतानं पास झाला. आई-वडील बाहेर बाकावर जाऊन बसले, आणि आत आम्हाला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

ते फार टिकलं नाही. जरा वेळ गेला की दार किलकिलं व्हायचं. "स्वेटर घालतं काय?" "गोळी घेतली काय वं?" "डबा पाठवू काय अंदर?" तुषारची मावशी तर आत डोकावून, सगळी पोरं मोजून परत गेली. माझ्या आईनं कमाल केली. तिनं बाहेर बसूनच चर्चेत भाग घेतला! आम्ही मोठ्या तोंडानं 'तरुणांचा खाजगीपणा' यावर बोलत होतो, आणि बाहेरून आवाज आला, "पल्लवी! त्या बाथरूमच्या कडीचंबी सांग वं! तीन महिने मीच दार धरून उभी राहिली!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगू, त्या दिवसातली सगळ्यात कामाची सूचना तीच निघाली. कडी लगेच बसली. आमचे बाकीचे ठराव तेव्हा 'विचाराधीन'च राहिले.

*

एक प्रकार तुम्हाला मालूम नसेल. लोक स्वतःचा वाढदिवस साजरा करायला कॅन्सर वॉर्डात येतात. भावना चांगली असते, मी नाही म्हणत नाही. पण एकदा एक काकू आल्या. सोबत फोटोग्राफर, तीन केक आणि टेडी बेअर. लहान मुलांचा वॉर्ड तेव्हा बंद होता, रंगकाम चालू होतं. मग मोठ्या पोरांच्या वॉर्डात वळवल्या; मी आणि तुषार तेव्हा मनीषाला भेटायला गेलो होतो. तुषारला मिशी होती, तरी टेडी मिळाला. निळा.

केक कापला. आता वॉर्डातल्या पोरांची भानगड अशी की किमोत बाहेरचं खाता येत नाही, आणि त्यांच्यासमोर आम्ही दोघं तरी कसं खाणार? काकू तुकडा घेऊन एकेकाच्या तोंडाशी नेतायत, फोटोग्राफर "स्माइल, स्माइल" करतोय, आणि आम्ही तोंड मिटून हसतोय. शेवटी मनीषा हळूच म्हणाली, "काकू, आम्हाले हे चालत नाही. पण तुमचं मन काहून मोडा? तुम्ही खा, आम्ही टाळ्या वाजवतो."

आणि आम्ही वाजवल्या. मनापासून वाजवल्या. प्रत्येकाच्या नावाचा घास काकूंना खावा लागला, आणि प्रत्येक घासाला टाळ्या. आठव्या घासाला त्या खाली बसल्या.

आता गेटवर बोर्ड आहे : 'वॉर्डात येण्याआधी पेशंटना विचारावे.' मंडळाचा हा पूर्ण झालेला दुसरा ठराव.

*

नवीन इमारत झाली तेव्हा भिंतींवर रंगीत बाण लावले. हॉस्पिटलनं म्हटलं, मंडळानं चाचणी घ्यावी. कोणालाही रस्ता विचारायचा नाही, फक्त बाण बघत जायचं. तुषारला मिळाला पिवळा बाण, म्हणजे रेडिएशन. त्याला सांगितलं, पोहोचलास की ग्रुपवर मेसेज टाक.

आम्ही सगळे आपापल्या जागी पोहोचलो. तुषारचा पत्ता नाही. बोंद्रे मॅडम घाबरल्या, कारण ऑपरेशनचा पाय, त्यात नवीन फरशी. फोन लावणार, तेवढ्यात मेसेज आला : 'रेडिएशनला पोहोचलो. इथे चादरी वाळून राहिल्या.'

पोरगा तळघरातल्या धोबीखान्यात! शिवाय तिथल्या लोकांनी त्याला बसवून चहा पाजला होता. आम्ही त्याला आणायला गेलो तर उठायलाच तयार नाही. म्हणे, "एवढ्या दिवसांत या हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा कोणीतरी मले सुई न टोचता बस म्हणलं!"

*

आता जरा नाजूक किस्सा. किमोमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, हे तरुण पेशंटना औषध सुरू करायच्या आधी सांगायला पाहिजे, अशी आमची मागणी होती. ती मान्य झाली. सांगायचं कोणी? ढोबळे सरांनी.

सर म्हणजे भल्या भल्या ट्यूमरशी झुंजणारा माणूस. पण त्या दिवशी उभे राहिले, घसा खाकरला आणि नजर जी छताच्या पंख्याला लावली ती खाली घेतलीच नाही! वीर्य साठवून ठेवता येतं, स्त्रीबीजं साठवून ठेवता येतात, लग्न जमवताना काय सांगावं, सगळं नीट सांगितलं. एक शब्द चुकला नाही. फक्त सांगितलं पंख्याला.

"काही प्रश्न?" सरांनी पंख्याला विचारलं.

तुषार म्हणाला, "सर, पंख्याचं लग्न कवा आहे?"

हसून हसून आमची वाट लागली. सरही हसले. मग खुर्ची ओढून आमच्यात बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "थांबा, परत सांगतो." या वेळी आमच्याकडे बघून सांगितलं. सगळे उठले तरी तुषार बसून होता. एकदम हळू आवाजात म्हणाला, "सर, माही किमो तं होऊन गेली. मले कोणी सांगितलंच नव्हतं. मंग आता?"

सर म्हणाले, "आपण तपासून बघू. उद्या ये, मी स्वतः थांबतो." तुषार गेला. पुढचं त्याचं त्याच्याजवळ आहे, मी काही विचारलं नाही.

*

राहिली मनीषा. तिच्या घरी 'कॅन्सर' हा शब्दच नव्हता. 'अंगात गाठी आल्या', बस्स! आता आमच्या हॉस्पिटलच्या समोरच्या कमानीवर तो शब्द हात-हातभर अक्षरांत लिहिलेला. म्हणून बाबा तिला मागच्या गेटनं आणायचे. ऑक्सिजनचे सिलिंडर आणि भंगाराचे पलंग यांच्या मधून. मंडळ कशाचं आहे, हे त्यांनी मॅडमना विचारलं होतं. मॅडम बिचाऱ्या म्हणाल्या, "तरुण मुलामुलींचं." ते त्यावर खूश.

एकदा हॉस्पिटलनं मंडळाचा मोठा बॅनर छापला. मीटिंगच्या खोलीत लावला. मधोमध तोच शब्द, लाल रंगात! बाहेर बाबांचा आवाज आला, "मनीषा, मोसंबी आणली वं!" आणि ही पोरगी ताडकन उठली, गळ्यातली ओढणी काढली आणि त्या शब्दावर टाकली. बाबा आत आले, मोसंबी ठेवली, खोलीवर नजर फिरवली, समाधानानं गेले.

मी चिडले. "पागल आहे काय तू? इकडे म्हणते रिपोर्ट माह्या समोर पाहिजे, अन् तिकडे बाबासमोर झाकून ठेवते?"

ती ओढणी घडी करत म्हणाली, "मले तं ऐकायचंच आहे. त्याईचंच जमून नाही राहिलं."

*

शेवटी ढोबळे सरांनी मान्य केलं. अठरा पूर्ण झालेल्या पेशंटला रिपोर्ट आधी, त्याच्या तोंडावर. घरच्यांना तो म्हणेल तेव्हा आत घ्यायचं. सोबतीला मंडळातलं कोणीतरी. पहिली पाळी मनीषाच्या स्कॅनची, आणि सोबतीला मी.

दारातच बाबा आडवे आले. "सर, मी येतो पहिले. मंग तिले घ्या."

"काका, थोडा वेळ बसा. बोलावतो."

"सर, पोरगी लहान हाये..."

"अठराची आहे. सही तिचीच लागते."

दार बंद झालं, आणि पहिल्यांदाच बाबा दाराच्या बाहेर आणि मनीषा आत.

सरांनी सरळ सांगितलं. गाठी लहान झाल्या आहेत, पण गेलेल्या नाहीत. औषध बदलावं लागेल. नवीन औषध कडक आहे, भरती राहावं लागेल.

मनीषानं विचारलं, "बरी होईन काय?"

"शक्यता चांगली आहे. पण नक्की म्हणून सांगणार नाही, खोटं होईल ते."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "बारावीचे प्रॅक्टिकल आहेत. ते झाल्यावर सुरू केलं तं चालन?"

सरांनी तारखा विचारल्या. "चालेल."

"मंग तसंच करू."

सोबत म्हणून मला आत घेतलं होतं, आणि रडत होते मी! धीर द्यायला आलेल्या बाईला पेशंटनं स्वतःचा रुमाल दिला. मग सरांना म्हणाली, "आता बाबाले बोलवा. तुम्ही काही बोलू नका. मी सांगते."

बाबा आले. तिनं त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "बाबा, माहा कॅन्सर अजून गेला नाही. औषध बदलून राहिले. प्रॅक्टिकल झाले की भरती व्हायचं आहे."

बाबांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. त्यांनी सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"तुले मालूम होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलली काहून नाही वं?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीनं लपवून राहिले होते, बाबा!"

सरांनी तोंडावर हात ठेवला. मी रुमालात तोंड घातलं. बाबा मात्र हसले नाहीत.

"मले वाटलं, तू भेशीन."

"भेली तं होतीच. पण तुम्हीच एवढे भेले होते, माहा नंबरच नाही लागला."

बाबांनी ग्लास खाली ठेवला. खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ नेली आणि म्हणाले, "मंग भे आता. मी आहो इथंच."