ट्यूबची मागची बाजू

आत्या आज सकाळी गेली.

माझ्या बाबांचा फेसवॉशचा धंदा तिनेच बुडवला होता. सख्ख्या बहिणीने.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. बनारसमध्ये तेव्हा जिकडेतिकडे हर्बलचं पेव फुटलं होतं. बाबांनी गंगेपलीकडे रामनगरला एक खोली घेतली आणि आमचं दिवाळीचं उटणं साबणाच्या पाण्यात कालवून ट्यूबमध्ये भरलं.

वर छापलं: सौम्य. शुद्ध. केमिकल-फ्री.

पहिलं गिऱ्हाईक मी. कॉलेजचं पहिलं वर्ष. थोड्याच दिवसांत माझे गाल सोलून निघाले.

बाबा म्हणाले, "आतली सफाई होतेय."

आत्या मुलींच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. बाबांना ट्यूबवर तिचं नाव हवं होतं.

"सुमन, तुझं नाव असलं की लोकांना भरोसा बसेल."

तिने माझे गाल पाहिले. मग पर्समधून लाल लिटमस काढून फेसात बुडवला. तो निळा झाला, म्हणजे फेस क्षारीय.

"दादा, उटणं आपण दिवाळीत लावतो. तू पोरीला रोज साबणात घोळून लावतोयस. आणि वर सौम्य लिहितोस?"

"अगं, सगळं नॅचरल आहे!"

"लिंबू झाडाला लागतं म्हणून सौम्य होत नाही. ग्लिसरीनचं नाव इंग्रजी आहे म्हणून ते जहर होत नाही. आणि केमिकल-फ्री काय? पाणीसुद्धा केमिकलच आहे."

"ते लिहिलं नाही तर माल उठणार नाही."

"मग माझं नाव नको."

बाबांनी बोलणं टाकलं. भाऊबीजेला संकठा घाटावर तिच्या घरी जायला साफ नकार दिला. मला फार वाईट वाटलं. भांडण माझ्या गालांवरून सुरू झालं होतं.

तर आत्याच पूल ओलांडून रामनगरला आली. पिशवीत तबक, निरांजन, करंज्या. भावाला खोक्यावर बसवलं आणि ओवाळलं.

"काय घालू ओवाळणी?" बाबा खाली बघत म्हणाले.

"तो शब्द खोड."

बाबांनी पेन घेतलं आणि एकेका ट्यूबवरचं 'केमिकल-फ्री' खोडत गेले.

माल उठला नाही. होळीपर्यंत खोली रिकामी करावी लागली.

"बुडवलंस मला," असं ते दर भाऊबीजेला म्हणायचे. पाटावर बसून, करंजी खात.

आज आम्ही बायका तिला शेवटची आंघोळ घालत होतो. शेजारची सून धावत एक महागडी ट्यूब घेऊन आली.

"ताई, तोंडाला हे लावा. एकदम नॅचरल, टॉक्सिन-फ्री."

मी ती हातात घेतली आणि सवयीने उलटी केली. आत्याची शिकवण. पुढची बाजू विकणारा लिहितो, मागची वाच.

दाराबाहेर बाबा बसले होते.

"मागे काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. सगळं. शेवटी नुसतं "सुगंध", कशाचा ते नाही.

"मग नको. तिला चालायचं नाही."

साध्या पाण्याने तुझा चेहरा धुतला, आत्या. मग मणिकर्णिकेला निघालो.

फार रडू येतंय.

नीट जा. तुला आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.