नरम पडलेली संत्री

आईच्या त्यागापुढे मृत्यूही हतबल होतो. हे वाक्य मी अमरावतीच्या एका सभागृहात, जुन्या चित्रपटाच्या खेळाआधी, पाहुणा म्हणून माईकवर म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. त्याच सकाळी अकोल्याच्या किडनीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आईच्या रक्तातलं पोटॅशियम उतरत नाही; असंच राहिलं तर हृदय कधीही बंद पडेल. संत्री, केळी, नारळपाणी केव्हाच बंद केलं होतं. मग चढतंय कशानं, हे त्यांनाही कळेना आणि मलाही. भाषण रद्द करणार होतो, पण आईच म्हणाली, "लोकं वाट पाहून राहिले असतीन. चाल."

चित्रपट हॉलिवूडचा, मूकपटांच्या काळातला. गरीब आई मुलाला श्रीमंतांच्या पदरात टाकते आणि त्याच घरात मोलकरीण होऊन जन्मभर गप्प राहते. सभागृहात नाकं ओढली जात होती. मी पडद्यापेक्षा आईच्या सुजलेल्या पायांकडेच जास्त पाहत होतो.

"पोराले सांगाले काय झालं तिले? तोंड नाही काय?" आई कुजबुजली. तिची कुजबूज मागच्या रांगेपर्यंत जाते.

"मूकपट आहे, आई." मग एकदम मनात आलं ते विचारलं, "तू तर काही लपवून नाही ना राहिली?"

"मी कायले लपवू? मामाच्या पेटीतली नरम पडलेली तेवढी खातो."

शेंदूरजनाघाटचा मामा दर बहाराला संत्री पाठवतो.

"संत्री बंद आहेत ना तुले!"

"चांगली बंद आहेत. एक तरी चांगलं खाल्लं असन तर सांग. चांगली तुमाले ठेवतो. नरम काय फेकून देऊ?"

"आई, हात जोडतो. मरशील."

"हळू बोल. लोकं रडून राहिले."

दिवे लागले. निवेदिकेनं पाहुण्यांच्या मातोश्रींना 'त्यागमूर्ती' म्हणून व्यासपीठावर बोलावलं. शाल, श्रीफळ आणि संत्र्यांची एक पेटी. आईनं पेटी घट्ट धरली.

घरी आल्यावर मी ती कपाटावर चढवून ठेवली, उद्या वाटून टाकू म्हणून. आईकडून शपथ घेतली. तिनं ती लगेच दिली.

सकाळी पेटी कपाटावरून खाली उतरलेली होती. आत उरलेली सगळी संत्री चांगली होती. साली कचऱ्याच्या डब्यात होत्या.